शिट्टीचा शॉट

माझे वडील एका फिल्ममध्ये होते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "कुठल्या?" नाव सांगून उपयोग नसतो. ती फिल्म कुठल्याच थिएटरात लागली नाही. पनवेलजवळच्या आमच्या गावामागे डोंगर होता, त्या डोंगरात दगडाची खाण होती, आणि खाणीच्या कंपनीनं ती फिल्म काढली होती. कंपनीच्याच माणसांना घेऊन आणि कंपनीच्याच माणसांना दाखवायला. सगळी मिळून वीस-बावीस मिनिटांची. त्यातले बाबा मी किती वेळा पाहिले असतील याचा हिशेब नाही. पण ती फिल्म कशी झाली आणि तिच्यामुळे आमच्या घरात काय झालं, हे मी आजवर धड कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं घर गावाच्या अगदी शेवटच्या आळीत, डोंगराच्या पायाशी. सकाळी सात वाजता वर खडी फोडायचा क्रशर सुरू व्हायचा. आधी नुसती घरघर, मग तोंडात दगड पडले की कडकडाट, आणि तो एकदा सुरू झाला की फळीवरची पितळेची ताटं एकमेकांना लागून बारीक किणकिणत राहायची. पाहुणे आले की त्यांना त्याचा त्रास व्हायचा, आम्हाला क्रशर बंद पडला की चुकल्यासारखं वाटायचं. धूळ तर विचारू नका. आई पाण्याच्या हंड्यांवर दुहेरी फडकं बांधायची, वाळत घातलेले कपडे झटकून झटकून विरून जायचे, आणि तांदळाची भाकरी तव्यावरून उतरली की ती लगेच टोपलीत झाकायची. दुपारी साडेबाराला सुरुंग. त्याआधी तीनदा भोंगा वाजायचा. पहिल्या भोंग्याला आमच्या कोंबड्या आपोआप खाटेखाली जायच्या. तिसऱ्याला आई चुलीवरचं कालवण उतरवून जमिनीवर ठेवायची आणि झाकणावर हात दाबून बसायची. सुक्या वाकटीचं असो नाहीतर वालाचं बिरडं असो, त्यात छपराची माती पडलेली तिला चालायची नाही. मग जमीन एकदा खालून उचलल्यासारखी व्हायची, धडाडधूम आवाज डोंगराला वळसा घालून खाडीकडे निघून जायचा, आणि आई म्हणायची, "झाला. जेवाला येतील आता."

तो सुरुंग बाबा उडवायचे. बाबांचं नाव हिराजी. त्यांचे वडील मिठागरात होते, बाबाही लहानपणी मिठागरात होते. मग खाण आली तेव्हा दगडाची पाटी उचलायला गेले, मग वीस वर्षं ड्रिल मारलं, आणि शेवटी परीक्षा देऊन ब्लास्टर झाले. ब्लास्टर म्हणजे सुरुंगाची दारू भरणारा आणि तो उडवणारा माणूस. त्याला सरकारी सर्टिफिकेट लागतं. बाबांचं सर्टिफिकेट आमच्या घरात देवांच्या शेजारी काचेच्या फ्रेममध्ये होतं आणि रोज सकाळी देवांबरोबर त्याच्यावरची धूळही पुसली जायची. चौथी शिकलेल्या माणसाला साहेबांनी समोर बसवून तासभर प्रश्न विचारले आणि त्यानं सगळ्यांची उत्तरं दिली, ही गोष्ट बाबा दर गणपतीला सांगायचे.

आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलायचे. मी अकरावीला पनवेलच्या कॉलेजात जायला लागले तेव्हा एका मैत्रिणीनं मला विचारलं होतं, "कुंदा, तू भांडतेस का गं सारखी?" मला वाटायचं क्रशरमुळे असेल. आईलाही मी तेच म्हणताना ऐकलं होतं.

ते दिवस खडीचे होते. खाडीपलीकडे आणि अलीकडेही नवं शहर उठत होतं, रस्ते होत होते, पूल होत होते, आणि आमच्या डोंगराचे डंपर दिवसभर खाली उतरत होते. कंपनीकडे पैसा आला तसे दोन नवे विचारही आले. एक म्हणजे मोठमोठ्या गिऱ्हाइकांना दाखवायला आपली एक फिल्म असावी. दुसरा विचार साळवी साहेबांचा. हे आमचे नवे सेफ्टी ऑफिसर, चिपळूणकडचे, जेमतेम तिशीचे. चहा पितानासुद्धा डोक्यावरचं हेल्मेट काढत नसत म्हणून गडी त्यांना हसायचे. ते म्हणाले, कॅमेरावाले येणारच आहेत तर त्याच खर्चात आपल्या कामगारांसाठी एक सुरक्षेची फिल्मही करू, आणि तीत नट नकोत, आपलीच माणसं हवीत.

पहिली फिल्म दोन दिवसांत झाली. त्यासाठी डंपर धुतले, क्रशरला रंग दिला, आणि मॅनेजर साहेब काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन डोंगराच्या माथ्यावर उभे राहिले आणि बोट दाखवत राहिले. ते त्या माथ्यावर त्याआधी कधी गेले नव्हते. उतरताना त्यांना दोघांनी धरून आणलं, पण ते फिल्ममध्ये घेतलं नाही.

दुसरी फिल्म आमच्यात आली. तिचे दिग्दर्शक कर्णिक म्हणून होते, मुंबईचे, चाळिशीचे, जाड भिंगांचा चष्मा आणि सतत भूक. त्यांच्याबरोबर एक कॅमेरामन, आणि एक आवाजवाले होते, डिसोझा. हे डिसोझा वसईचे, पिकलेल्या दाढीचे, मराठी आमच्यापेक्षा गोड बोलायचे. त्यांच्या गळ्यात एक पेटी आणि कानांवर हेडफोन असायचे. ते फार कमी बोलायचे. सगळ्यांचं जेवण करायचं काम आईकडे आलं, म्हणून ही मंडळी तीन दिवस आमच्या ओट्यावर जेवली. कर्णिकांनी सुकट घातलेली वांगी पहिल्यांदा खाल्ली ती आमच्याकडे, आणि चौथी भाकरी मागताना ते लाजले तेव्हा आई म्हणाली, "लाजू नको, बाला. लाजंल तो उपाशी ऱ्हाईल."

फिल्ममधली मुख्य भूमिका ब्लास्टरची, म्हणजे बाबांची. संवाद पुस्तकी मराठीत लिहिलेले होते आणि बाबांना वाचायला वेळ लागायचा, म्हणून ते पाठ करून घ्यायचं काम माझं. पहिलंच वाक्य होतं, "बंधूंनो, स्फोटापूर्वी परिसर निर्मनुष्य असल्याची खात्री करून घ्यावी." ते 'निर्मनुष्य' काही केल्या बाबांच्या तोंडात बसेना. शेवटी ते कागद बाजूला ठेवून कर्णिकांना म्हणाले, "सायेब, आमी असा नाय बोलत. आमी बोलतो, कोन हाय का रं तिकडं?"

कर्णिक हसले आणि म्हणाले, "मग तेच बोला." आणि त्यांनी कागदावरची अर्धी वाक्यं खोडून टाकली. आज इतक्या वर्षांनी फिल्म बघताना लक्षात येतं की तिच्यात जिवंत जे काही आहे ते त्या खोडण्यामुळे आहे.

आणखी एक प्रसंग खोडला गेला तो आईमुळे. लिहिणाऱ्यानं असं लिहिलं होतं की एका बेफिकीर कामगाराचा जीव जातो आणि त्याची बायको ओसरीवर बसून कुंकू पुसते. बायकोचं काम आळीतल्या कुणी तरी करावं असं साळवी साहेबांचं म्हणणं. ते ओट्यावर येऊन समजावायला लागले तशा आळीतल्या बायका एकेक करून काही ना काही काम आठवून निघून गेल्या. आई तेवढी राहिली, कारण घर तिचंच होतं.

"साहेब, हे खोटंखोटं असतं," साळवी म्हणाले, म्हणजे ते कुंकू पुसणं. ते बिचारे आईलाच साहेब म्हणून बसले, इतके गोंधळले होते.

आई म्हणाली, "ज्यानं लिवलंय त्याच्या घरी बायको आसंल ना. तिला बसवा. आमची माणसा रोज वर जातात."

तो विषय तिथेच मिटला. त्याऐवजी एक मुलगी बापाचा डबा घेऊन आडवाटेनं खाणीत येते आणि सुरुंग उडायच्या बेतात असतो, असा प्रसंग आला. डबा नेणारी मुलगी मी. माझं काम एकटीचं होतं आणि ते सकाळीच उरकलं: झुडपातून वर यायचं, डबा सावरायचा, थांबायचं. खरा अवघड शॉट बाबांचा होता. तो दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवला होता.

शॉट असा. बाबा दगडांच्या आडोशाला उकिडवे बसलेले. समोर सुरुंग उडवायची पेटी, तिच्या चावीवर हात. तारा जोडलेल्या नव्हत्या, पेटी नुसती दाखवायची. त्यांच्या मागे पन्नासेक पावलांवर लाल बावटा घेऊन बळीराम. हा माझा आतेभाऊ, खाणीत खरोखरच बाबांचा बावटेवाला होता. बाबा चावी पिळणार, एवढ्यात बळीरामला डबेवाली मुलगी दिसते, तो शिट्टी फुंकतो, आणि बाबा शिट्टी ऐकताच हात मागे घेतात. कॅमेरा बाबांच्या समोर. एवढंच. कर्णिक म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे, मग जेवू."

बळीरामनं शिट्टी फुंकली. बाबांनी चावी पिळली.

"कट. हिराजीराव, शिट्टी झाली की थांबायचं."

"व्हय व्हय. ध्यान नव्हता."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बाबा इतके आधी थांबले की बळीरामनं शिट्टी तोंडाला लावलीही नव्हती. जमलेले गडी हसले. कुणी तरी म्हणालं, "मामा कॅमेऱ्याला घाबरला." बाबाही हसले. चौथ्यांदा पुन्हा चावी पिळली गेली. बाबा म्हणाले, नाकावर माशी बसली. साळवी साहेब हेल्मेट काढून हातात घेऊन उभे होते. मी त्यांना बोडक्या डोक्यानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी कॅमेऱ्याच्या शेजारी उभी होते. बाबांचा चेहरा मला सरळ दिसत होता. ते पेटीकडे बघायच्या ऐवजी आमच्याकडे बघत होते, एकेका तोंडावरून नजर फिरवत होते. कर्णिकांचे ओठ, माझे डोळे, डिसोझांचे हात. बाजारात हरवलेलं माणूस ओळखीचा चेहरा शोधतं तसे. आणि मला एकदम कळलं. कळलं म्हणजे काय, ते आधीपासूनच माहीत होतं आणि फक्त नाव नव्हतं. आई बाबांशी बोलायच्या आधी त्यांच्या बाहीला हात लावायची. बाबा जेवायला नेहमी दाराकडे तोंड करून बसायचे. पाठमोऱ्या बाबांना मी कधी हाक मारलेली मला आठवेना.

"पाचवा टेक," कर्णिक म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओढणी नीट करायचं निमित्त करून हात छातीशी आणला. मागे बळीरामनं शिट्टी फुंकली आणि मी हात वर करून ओढणी खांद्यावर टाकली. बाबांचा हात चावीवरून झटक्यात मागे आला. मान वळली. डोळ्यांत अशी भीती उमटली की कर्णिक कट म्हणायला विसरले. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा उठले, धोतराला हात पुसले आणि माझ्याकडे बघून अगदी किंचित मान हलवली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. परीक्षेत पहिली आल्यावरही तेवढा झाला नव्हता.

त्या संध्याकाळी बाबांनी पोपटी लावली. थंडीचे दिवस, वालाच्या शेंगा भरलेल्या. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून त्यात शेंगा, बटाटे, अंडी भरायची, तोंड पाल्यानं बंद करायचं, मडकं उपडं करून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. कर्णिक विस्तवाभोवती फेऱ्या घालत होते. आळी सगळी गोळा झाली होती, कोण कुणाची नक्कल करत होतं, सूर्य अजून खाडीवर होता. मी कुणाला तरी पाणी द्यायला गेले तर डिसोझा ओट्याच्या टोकाला बसून आपली पेटी पुसत होते. त्यांनी मला हेडफोन दिले, म्हणाले, "ऐक." कानांवर लावले तर सगळं अंगण जवळ आलं, पाला तडतडत होता, आईच्या बांगड्या, लांबवर कुणाचं तरी कुत्रं. मी हसले.

ते म्हणाले, "हे माझं काम. मी दिवसभर ऐकतो. आज दुपारी शिट्टी वाजली. मग तुझ्या बांगड्या वाजल्या. मग तुझे वडील थांबले."



"ड्रिल फार वर्षं मारलं की असं होतं," ते म्हणाले. "बारीक आवाज आधी जातात. शिट्टी, पाखरं, लहान पोरं. जाड आवाज राहतात, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला ऐकू येतंय. मी कर्णिकला काही बोललेलो नाही. तो माझा विषय नाही. पण पोरी, खरा सुरुंग असेल तेव्हा तू समोर कुठे असणार?"

एवढं बोलून ते शेंगा खायला गेले. मीही गेले. मीठ लावलेल्या शेंगा होत्या, गरम होत्या, मला त्यांची चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळी गेली. मी बळीरामला विहिरीवर गाठलं आणि विचारलं. तो आधी उडवाउडवी करायला लागला, मग म्हणाला, "मना माहीत हाय. दोन वर्सं झाली. मी शिट्टी मारतच नाय मामासाठी. बारीक खडा मारतो पाठीवर. कॅमेऱ्यात कसा मारनार?" मग म्हणाला, "मी हाय तवर काय नाय व्हनार." आईला विचारलं तर ती भांडी घासत राहिली. म्हणाली, "सर्टिफिकेट गेला तर पन्नाशीच्या माणसाला पाटी उचलाला लावतील. तू गप ऱ्हा."

मी गप्प राहिले. राहिले ते राहिले. नंतर बळीरामला हिवताप झाला आणि तो पंधरा दिवस अंथरुणाला खिळला. त्याच्या जागी बावटा घेऊन दुसराच कुणी उभा राहायचा आणि त्याला खड्याचं काही माहीत नव्हतं. डोंगराच्या मागच्या अंगानं ठाकरवाडीतल्या बाया लाकडाला यायच्या, त्यांची वाट खाणीच्या कडेनंच होती. त्या पंधरा दिवसांत दुपारी साडेबाराला मी कॉलेजात असायचे. पनवेलात आमच्या सुरुंगाचा आवाज पोचत नसे. बाई फळ्यावर काही लिहीत असायच्या आणि मी मनात पहिला भोंगा, दुसरा भोंगा, तिसरा भोंगा मोजायचे, आणि मग घरी पोचेपर्यंत गावाच्या बाजूनं येणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड बघायचे. काही झालं नाही. ते आमचं नशीब, दुसरं काही नाही. अजूनही कधी कधी दुपारी घड्याळाकडे लक्ष गेलं की मी भोंगे मोजायला लागते, आणि आता तर तो डोंगरही नाही. त्याच्या जागी हिरव्या पाण्यानं भरलेला खड्डा आहे आणि त्याच्या काठावरच्या इमारतींना डोंगराचीच नावं दिली आहेत.

फिल्म तयार होऊन आली तेव्हा कंपनीच्या कँटीनच्या शेडमध्ये टीव्ही आणि व्हिडिओ लावून ती दाखवायचं ठरलं. रविवारची सकाळ. सगळं गाव लोटलं. विचुंब्याहून आत्या आली, बळीरामही बरा होऊन आला होता, कानाला रुमाल बांधून. बाबा पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी, आई मागे बायकांत. पडद्यावर ओळखीचं माणूस आलं की शेडमध्ये गलका व्हायचा. "कोन हाय का रं तिकडं?" बाबांनी विचारलं तेव्हा चार-पाच पोरांनी मागून "नाय" म्हणून उत्तर दिलं. मग तो शॉट आला. बाबांचा हात, पेटी, शिट्टी, झटका, वळलेली मान. शेड टाळ्यांनी भरून गेली. टाळ्यांमधूनच त्या शॉटवर मागाहून घातलेला निवेदकाचा भारदस्त आवाज आला.

बाबांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "काय बोलला तो?"

मी त्यांच्याकडे तोंड केलं. मला खोटं सांगता आलं असतं, काहीही. मी म्हणाले, "तो बोलला, अनुभवी ब्लास्टरचे कान नेहमी सावध असतात."

बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. मी आणखी बोलले. "बाबा, शिट्टी तुमी आयकलीच नव्हती. मी हात वर केला."

"माहीत हाय," बाबा म्हणाले.

पडद्यावर आता मी होते, झुडपातून डबा घेऊन येणारी. दोन वेण्या, हातात स्टीलचा डबा, तोंडावर ऊन. बाबा त्या मुलीकडे बघत राहिले. तिचं काम संपेपर्यंत बघत राहिले, आणि मग उठून, फिल्म अर्धी राहिलेली असताना, वाकून वाट काढत शेडच्या बाहेर गेले. लोकांना वाटलं, लाजला गडी.

मी घरी आले तेव्हा ते देवांपुढे उभे होते आणि सर्टिफिकेटच्या फ्रेमच्या मागचे खिळे चाकूनं सरळ करत होते. मला म्हणाले, "वही आन. अर्ज लिवाचा हाय."

आई दारात आली. काय चाललंय हे तिला एका नजरेत कळलं. ती त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमाला पाटीला लावतील."

"लावू दे."

"इतकी वर्सं पाटी आन ड्रिल करून तुमी..."

"आज फिल्ममंदी पोरगी आली ना डबा घेऊन," बाबा म्हणाले. "त्या दिवशी मी चावी पिळली तीन येला. तीन येला मेली ती." आई बाजूला झाली. तिनं पदर तोंडाला लावला आणि चुलीकडे जाऊन बसली, आणि मग थोड्या वेळानं नेहमीसारखं भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

मी माझ्या कॉलेजच्या वहीच्या पानावर लिहिलं, "माझी श्रवणशक्ती क्षीण झाली असल्याकारणाने." बाबांनी वाचून दाखवायला सांगितलं. विचारलं, "श्रवणशक्ती म्हंजे काय?"

"कान."

"मंग कान लिव."

शेवटी अर्ज चार ओळींचा झाला. माझ्या कानांना शिट्टी ऐकू येत नाही. फिल्ममध्ये ऐकू आल्याचं दाखवलं आहे ते खरं नाही. माझ्यामुळे माणूस मरेल. मी यापुढे सुरुंग उडवणार नाही. खाली त्यांनी सही केली. त्यांना सही करायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ मी आणि पिठाच्या हातांनी उठून आलेली आई त्यांच्या बोटांकडे बघत उभ्या होतो.

सोमवारी ते इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि सर्टिफिकेट साळवी साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. साळवींनी अर्ज दोनदा वाचला, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "हिराजीराव, त्या दिवशी मला शंका आली होती. मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं." बाबांनी ते वाक्य घरी येऊन आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, म्हणजे ते साळवींच्या अगदी समोर बसले असणार.

मॅनेजर साहेबांना तो शॉट असलेली फिल्म तशीच हवी होती, तिला कुठल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळायचं होतं, ते मिळालंही. बाबांची मुंबईच्या हॉस्पिटलात तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं ते डिसोझांनी आधीच सांगितलेलं होतं. ब्लास्टर म्हणून बाहेरून दुसरा माणूस आला. बाबांना पाटीला लावलं नाही, पण क्रशरजवळ धुळीवर पाणी मारायच्या कामाला लावलं. हातात नळी घेऊन उभं राहायचं. पहिले काही महिने बळीराम सोडून कुणी त्यांच्या नजरेला नजर देत नसे. आई भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला कॅलेंडर लावून मोकळी झाली.

मग मी डी.एड.ला अलिबागला गेले. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुटीत घरी आले होते, तेव्हा बाबांना विसरलेली औषधाची बाटली द्यायला कँटीनच्या शेडमध्ये गेले. आत नवीन भरती झालेल्या वीस-पंचवीस माणसांना साळवी साहेब आमची फिल्म दाखवत होते. मला हे काही माहीत नव्हतं, बाबांनी कधी पत्रातून कळवलं नव्हतं. मी दाराशी थांबले. शिट्टीचा शॉट आला, नवीन माणसांनीही मान डोलावली. फिल्म संपली तसे बाबा कोपऱ्यातून उठले, ओल्या चपला फटफटत पुढे आले आणि टीव्हीवर हात ठेवून उभे राहिले.

"ह्यो शॉट खोटा हाय," ते म्हणाले. "ह्यो मी हाय. मना शिट्टी आयकू आली नाय. माज्या पोरीनं हात वर केला म्हनून मी थांबलो. आमी सगल्यांना फसवला. मंग मी सायबाला सांगितला. आता पानी मारतो. कोन मेला नाय. ज्याला कमी आयकू येतंय त्यानं सांगाचा. पाटीला लावत नाय. सायेब इथंच हायेत, इच्यारा."

साळवी साहेबांनी मान हलवली. माणसं उठली, कुजबुजत बाहेर पडली. मी भिंतीला लागून उभी होते, मला कुणी पाहिलं नाही. एक ड्रिलवाला मागे राहिला, काळा, रुंद खांद्यांचा, सोलापूरकडचा असावा. तो बाबांजवळ जाऊन उभा राहिला आणि जमिनीकडे बघत काही तरी पुटपुटला.

बाबा म्हणाले, "वर बग. माज्याकडं बगून बोल. मोठ्यानं."

त्या माणसानं मान वर केली, एकदा दाराकडे पाहिलं, दारात अजून चारजण रेंगाळत होते, आणि तरीही तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "मलाबी ऐकू येत न्हाई, मामा. डावा कान पार गेलाय."

"बस," बाबा म्हणाले आणि त्याच्यासाठी बाक ओढला.